प्रोप्रायटर घरी असतात

“प्रोप्रायटर आल्या नाहीत का?”

२०२३ च्या जूनमध्ये खारघरमधल्या एका संस्थेच्या खरेदी विभागात मला हा प्रश्न विचारला गेला. तेव्हा मला तो प्रश्न वाटलाच नाही. वाटलं, बाई टोमणा मारताहेत.

माझा धंदा पॅकिंगच्या सामानाचा. दुकान बेलपाड्यात, सायन-पनवेल महामार्गावरून आत वळलं की गल्लीत. फॉइलचे डबे, त्यांची झाकणं, पाऊच, कागदी ग्लास, टिश्यू. ग्राहक म्हणजे आसपासचे हॉटेलवाले, केटरर, मिठाईवाले. या संस्थेचं मोठं स्वयंपाकघर आहे, रोज शेकडो डबे भरून बाहेर जातात. अशी एक ऑर्डर लागली की माझ्यासारख्याचं दुकानभाडं आणि कामावरच्या पोराचा पगार सुटतो. तीन महिने मी त्या ऑर्डरच्या मागे होतो. शेवटी भेटीची वेळ मिळाली.

खरेदीप्रमुख बाई होत्या, पन्नाशीच्या. शेजारी त्यांचा सहायक, पंचविशीचा पोरगा. मी आत गेलो, उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवली. परक्या बाईशी हात मिळवायचा नाही ही लहानपणापासूनची सवय. बाईंनीही नमस्कार केला, त्यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे. वीस मिनिटं मी बोललो. डब्याची जाडी किती, झाकण कसं बसतं, आमटी का गळत नाही. बाईंनी चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरं मी त्या पोराकडे बघून दिली. तो बिचारा अवघडून वहीत काहीतरी लिहीत राहिला.

मग बाईंनी माझी कागदपत्रं चाळली. उद्यम प्रमाणपत्रावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे नाव बाईंचं आहे. या कोण?”

“माझी मिसेस.”

“प्रोप्रायटर आल्या नाहीत का?”

“त्या घरी असतात. व्यवहार सगळा मीच बघतो.” हेही मी त्या पोरालाच सांगितलं.

बाईंनी फाइल मिटली. आवाज चढवला नाही. “पुढच्या वेळी प्रोप्रायटरना घेऊन या. आणि मला काही सांगायचं असेल तर मला सांगा, याला नको. सही माझी असते.”

बाहेर पडलो तेव्हा कान तापले होते. पाऊस लांबलेला, हवेत कुबट उकाडा. बेलपाड्याचं मेट्रो स्टेशन तेव्हा तयार उभं होतं, पण गाडी धावत नव्हती. त्या खांबांखाली स्कूटर लावून मी चहा प्यालो आणि मनातल्या मनात बाईंना बरंच काही ऐकवलं.

आता फर्म बायकोच्या नावावर का, ते सांगतो. यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्या धंद्यातले निम्मे लोक हेच करतात. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर नवं उद्यम पोर्टल आलं, तेव्हा माझ्या अकाउंटंटने सुचवलं की वहिनींच्या नावाने नोंदणी करा. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी आपल्या खरेदीतला २५ टक्के माल लघुउद्योगांकडून घ्यायचा, त्यातला ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं २०१८ पासून ठरलेलं आहे. कर्जालाही सवलत मिळते. या संस्थेच्या फॉर्मवरसुद्धा ‘महिला उद्योग असल्यास प्रमाणपत्र जोडा’ अशी ओळ होती. मी जोडलं. बायकोने सही केली होती. तिच्या सह्या मी नेहमी दुपारी घ्यायचो, जेवणं झाली की. कागद पुढे करायचे, पेन्सिलने फुली मारलेली असायची, ती फुलीवर सही करायची. चेकबुकाच्या पाच-सहा पानांवर एकदमच.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, “आपण तिथे कोटेशन दिलंय हे मला आत्ताच कळतंय.”

थोड्या वेळाने: “दर काय लावलात?”

मी सांगितला.

“टेम्पोचं भाडं धरलंत?”

धरलं नव्हतं.

तुम्ही पनवेलकर असाल तर ‘सरपंचपती’ हा शब्द नवा नाही. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर गावोगावी एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. खुर्चीवर बाई आल्या आणि बऱ्याच ठिकाणी खुर्चीमागे नवरे उभे राहिले. बेलपाडा पूर्वी खारघर ग्रामपंचायतीत होता, २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि आम्ही ग्रामस्थांचे एकदम शहरवासी झालो. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीनंतर या शहराला पहिल्या महापौर मिळाल्या त्या डॉ. कविता चौतमोल. नाक्यावर चहा पिताना आम्ही या सगळ्यावर खूप विनोद केलेले आहेत. कुणाच्या बायकोचं पद कोण चालवतो, कुणाच्या लेटरहेडवर नवऱ्याचा फोन नंबर आहे. माझ्या बिलांवर, कोटेशनवर, दुकानाच्या पाटीवर नंबर माझाच होता. मी प्रोप्रायटरपती होतो आणि हा विनोद मला तोवर सुचला नव्हता.

पण मला जास्त टोचलं ते दुसरंच. बाईंना वाटलं मी त्यांना कमी लेखतो. मला वाटत होतं मी अदब राखतोय. नजर खाली ठेवा हे आम्हाला शिकवलेलं, आणि सूरह नूरमध्ये हा हुकूम बायकांच्या आधी पुरुषांना आहे हेही मी लोकांना अभिमानाने सांगतो. मग माझी अदब त्यांच्यापर्यंत अपमान होऊन का पोहोचली?

पुढच्या जुम्याला नमाजनंतर मौलानांना गाठलं. माझं ऐकून ते हसले. म्हणाले, “नजर खाली म्हणजे बदनजर नको. तू तर नजर काढून दुसऱ्याला दिलीस. बाजारात बाईशी सौदा करायला मनाई असती तर अर्धा बाजार बंद पडला असता.” मग त्यांनी हजरत खदीजा (रजि.) यांचं नाव घेतलं आणि घाईत निघून गेले, त्यांना कुणाच्या तरी निकाहला जायचं होतं.

ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलेली आहे. मुस्लिम घरातल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. पण आम्ही ती नेहमी लग्नाची गोष्ट म्हणून ऐकतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खदीजा मक्केतल्या नावाजलेल्या व्यापारी. स्वतः काफिल्याबरोबर जात नसत, माल आणि भांडवल त्यांचं, नेणारे पुरुष नफ्यातल्या वाट्यावर. मुहम्मद (स.) यांच्या सचोटीबद्दल त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला, माल घेऊन जाण्याचा प्रस्ताव पाठवला. इतरांना देत होत्या त्यापेक्षा जास्त वाटा देऊ केला. सोबत आपला माणूस दिला, मैसरा. परतल्यावर हिशोब झाला आणि मैसराकडून प्रवासाची हकिगत त्यांनी ऐकून घेतली. लग्नाची बोलणी त्यानंतरची.

म्हणजे आधी मालकीण होती. पारखून माणूस निवडणारी, करार ठरवणारी, वर एक साक्षीदारही बरोबर धाडणारी. आणि पैगंबरांनी तिचं काम करताना ‘घरात पुरुष कोण आहे, त्याच्याशी बोलतो’ असं म्हटल्याचं कुठे ऐकलेलं नाही. इतकी वर्षं बयान ऐकून हा भाग माझ्या कानावरून गेला होता, कारण माझ्या कामाचा वाटला नव्हता.

आणखी लाजेची गोष्ट म्हणजे माझ्या दादीचं उदाहरण घरातच होतं. आमचं मूळ गाव महाडकडे. महाड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांची एक पिढी बोटीवर गेली आणि पुढची आखातात. आजोबा बोटीवर, दोन-दोन वर्षांनी घरी यायचे. भात लावणं, मजूर लावणं, गिरणीवाल्याशी दर ठरवणं, उधारी वसूल करणं, सगळं दादीचं. डोक्यावरून ओढणी कधी सरकली नाही आणि सौदा कधी सुटला नाही. गिरणीवाले शेट ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचे, दादी दाराच्या आत. मध्ये पडदा वगैरे नव्हता. ती पोतं उघडून मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायची, तुकडा किती पडलाय ते बघायची आणि दर सांगायची. शेट कुरकुरायचे. पण त्यांनी ‘मियाँ आले की बोलू’ असं म्हटलेलं मला आठवत नाही. मियाँ आले असते तरी त्यांना तांदळातलं काही कळत नव्हतं.

म्हणजे शहरात येऊन, दुकानाला पाटी लावून मी मागे सरकलो होतो. गावातल्या बायका दारात बसून धंदा करत होत्या आणि माझी बायको जीएसटी नंबर असूनही स्वयंपाकघरात फुलीवर सही करत होती.

दोन आठवड्यांनी आम्ही दोघं गेलो. तिला आधी यायचं नव्हतं. “मला बोलता येणार नाही, बी.कॉम. करून पंधरा वर्षं झाली.” मी म्हटलं नुसती बस. हेसुद्धा चुकीचंच म्हटलं, पण तिने ते मनावर घेतलं नाही. निघायच्या आदल्या रात्री ती दुकानात येऊन बसली आणि प्रत्येक डब्यात पाणी भरून झाकण लावून उलटा करून बघितला. दोन मापांची झाकणं गळत होती. मला माहीत होतं की ती थोडी गळतात. मी ती सॅम्पल म्हणून नेत नसे इतकंच.

बाईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी या वेळी बाईंकडे बघून सलाम केला. नंतरचा अर्धा तास मला फारसं काम नव्हतं. बायकोने सुरुवातीलाच सांगितलं की या दोन मापांत आमचं झाकण पातळ पदार्थाला चालणार नाही, ती मापं आमच्याकडून घेऊ नका. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला. मग तिने विचारलं, डबा गळाला तर तक्रार कुणाकडे येते, स्वयंपाकघराकडे की खरेदीकडे? बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे येते आणि रात्री साडेनऊला फोनवर येते. त्या दोघी त्या साडेनऊच्या फोनबद्दल इतकं बोलल्या की मला कळलं, तीन महिने मी जो माल विकायला बघत होतो तो त्यांना नकोच होता. त्यांना तो फोन बंद व्हायला हवा होता.

एक महिन्याची चाचणी ऑर्डर मिळाली. दुसऱ्याच खेपेत एका खोक्यातल्या झाकणांच्या कडा वाकलेल्या निघाल्या. बायकोला कळल्यावर तिने संस्थेतून फोन यायच्या आधी स्वतः फोन केला, सांगितलं की अमुक खोकं वापरू नका, संध्याकाळपर्यंत बदलून देते. मी म्हणत होतो कशाला सांगतेस, कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही. मी पंधरा वर्षं धंदा असाच केला आहे, लक्षात येईपर्यंत गप्प. महिन्याअखेरीस वर्षाचं काम मिळालं.

मला कुणी विचारतं की बाई अधिकारी असली की धंदा कसा जमवायचा, काही वेगळी रीत असते का? आमच्यातले काही जण ‘मॅडम’ ‘मॅडम’ करत मिठाईचे पुडे नेतात, काही जण दिवाळीला पैठणीचा विचार करतात. पुरुष अधिकाऱ्याला आपण दर आणि मुदत सांगतो आणि बाईला स्तुती ऐकवतो. त्या बाईंना मी एकदा ईदचा शीरखुर्मा पाठवला, तो त्यांनी घेतला आणि सगळ्या विभागाला वाटला. पण त्याच महिन्यात बिलात दोनशे रुपयांची चूक होती, ती लाल पेनाने गोल करून परत पाठवली. शीरखुर्म्याचा डबाही त्याच माणसाबरोबर धुऊन परत आला.

या प्रकरणानंतर बायकोने स्वतःहून एक गिऱ्हाईक आणलं. बेलपाड्यातल्या आगरी बायकांचा बचत गट, पापड, मसाला आणि सुक्या जवळ्याची चटणी करणारा. सिडकोने जमिनी घेतल्यावर ज्या घरांतली भातशेती गेली, त्या घरांतल्या या बायका. त्यांना पाऊच आणि लेबलं हवी होती. इथे मी पुन्हा घसरलो. गटाच्या अध्यक्षा दुकानात आल्या, दर ऐकला, माल चाचपून बघितला. मी म्हटलं, “आजच सांगितलंत तर पाच टक्के कमी करतो.” त्या म्हणाल्या, “पाच तारखेला मीटिंग हाय, तवा ठरल.” मी म्हटलं, अध्यक्ष तुम्हीच ना? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं.

पुरुष दुकानदाराशी व्यवहार करायची आम्हाला सवय. त्याला घेरायचं, चहा पाजायचा, जागेवर ‘हो’ म्हणवून घ्यायचं. गटात दहा ते वीस बायका असतात, इतिवृत्ताची वही असते, बँकेच्या खात्यावर एकीची सही चालत नाही. अध्यक्षेला जागेवर ‘हो’ म्हणायला लावणं म्हणजे तिला तिच्या बायकांसमोर खोटं पाडणं. बायको पाच तारखेच्या मीटिंगला गेली. चटईवर बसून तिने पाऊचचे मायक्रॉन समजावले, जाड पाऊच घेतला तर जवळ्याचा वास बाहेर येत नाही पण पुडीमागे किती पैसे वाढतात ते सांगितलं. लेबलवर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर लागतो, नाहीतर मॉलवाला माल ठेवणार नाही, हेही सांगितलं. ऑर्डर मिळाली, पातळ पाऊचची. दोन महिन्यांनी त्याच बायका जाड पाऊच मागायला आल्या.

हे लिहिताना प्रेमा पुरव आठवतात. गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायका शेकडो कामगारांना जेवू घालत, महिन्याने पैसे घेत आणि मधल्या काळात किराणा उधार आणत, सावकाराचं व्याज भरत. घराघरातल्या या बायका धंदा करत होत्या पण त्यांना कुणी धंदेवाईक म्हणत नव्हतं. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि तरी कर्जं फिटली. मला त्यात बँकेच्या त्या पहिल्या अधिकाऱ्याबद्दल कुतूहल आहे. समोर बसलेल्या बाईकडे बघून तो बोलला असेल की तिच्या नवऱ्याला शोधत असेल?

सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या वर्षी संस्थेने निम्मं काम दुसऱ्या पुरवठादाराला दिलं, त्याचा दर कमी होता. बाईंनी बायकोला बोलावून समोर सांगितलं, कागद दाखवला. मी म्हटलं, एवढं नातं होतं आणि असं केलं. बायको म्हणाली, “नातं होतं म्हणून बोलावून सांगितलं. नाहीतर तुम्हाला ऑर्डर आली नाही तेव्हा कळलं असतं.” मला ते पटलेलं नाही. निम्मं काम गेलं ते गेलंच.

घरातही कुरबुर आहे. माझ्या एका चुलतभावाने मशिदीच्या पायरीवरच विचारलं, “भाभीला बाजारात फिरवतोस?” मी त्याला दादीची आठवण दिली, तो म्हणाला तो जमाना वेगळा होता. तो जमाना वेगळा होता हे खरं, पण तो ज्या अर्थाने म्हणाला त्या अर्थाने नाही. पोरं संध्याकाळी उपाशी बसतात असं मीही एकदा म्हणून बसलो आणि त्या रात्री अंडी मीच तळली.

मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. बायको आता बेलपाड्याला बसून बेलापूरला बँकेत जाते, बिलांवर नंबर तिचा आहे. ‘वहिनी आहेत का?’ असं विचारून माझ्याशी न बोलता फोन ठेवणारे गिऱ्हाईक वाढलेत. चेकबुक मात्र बरेच दिवस माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. गेल्या महिन्यात तिने ते मागून घेतलं, सह्या केलेली पानं आधी फाडून टाकली. आता टेम्पोच्या डिझेलचे पैसे तिच्याकडे मागावे लागतात, आणि ती आधी पंपाची पावती मागते.